अळी, विषाणू आणि माणसाचे हृदय

१/
हरभऱ्याच्या शेतात कधी कधी एक विलक्षण दृश्य दिसते. घाटेअळी झाडाच्या शेंड्याकडे चढत जाते, मागच्या पायांनी फांदीला धरून उलटी लोंबकळते आणि तशीच मरते. तिची त्वचा फुटली की आतून पांढुरका द्रव गळतो. शेतकरी ओळखतात की अळीला विषाणू लागला आहे, आता पीक वाचेल. याच कुळातील एका विषाणूने माणसाच्या स्नायूंतील प्रथिने प्रयोगशाळेत घडवून दिली. हे कसे घडले, हा आजच्या धाग्याचा विषय.

२/
विषय जीवशास्त्राचा असला तरी मी त्याकडे इतिहासाचा विद्यार्थी म्हणून पाहणार आहे. आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवले जाते की निष्कर्षाआधी साधन तपासावे. कागद कोणाचा, कोणत्या काळातला, अस्सल की नक्कल? हृदयाच्या एका आजाराच्या संशोधनात शास्त्रज्ञांनाही नेमका हाच प्रश्न पडला होता. त्यांच्या हातातील ‘साधन’ माणसाचे नव्हतेच. ते सशाचे होते, उंदराचे होते, कोंबडीचे होते.

३/
आरंभ रेशमापासून करू. १५२७ साली मार्को जिरोलामो विडा या इटालियन कवीने रेशीम अळीच्या संगोपनावर लॅटिनमध्ये एक दीर्घ काव्य प्रसिद्ध केले. त्यात अळ्यांच्या रोगाचेही वर्णन आहे. आज ज्याला आपण बॅक्युलोव्हायरसचा रोग म्हणतो, त्याची ही अगदी जुनी लेखी नोंद मानली जाते. ज्या प्रदेशाचे पोट रेशमावर चालते, तेथे अळीचा मृत्यू ही घरादारावरची आपत्ती असते. म्हणून तो काव्यातही आला.

४/
१८५६ मध्ये कोर्नालिया आणि माएस्त्री या इटालियन अभ्यासकांनी रोगी रेशीम अळ्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. पेशींमध्ये त्यांना चकाकणारे, अनेक पैलूंचे स्फटिकासारखे कण आढळले. हे कण म्हणजे काय, हे कळायला पुढची नव्वद वर्षे लागली. १९४७ मध्ये गेर्नोट बेर्गोल्ड यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने दाखवले की प्रत्येक कणाच्या आत काठीसारखे विषाणू दडलेले असतात. लॅटिनमध्ये काठीला ‘बॅक्युलम’ म्हणतात, म्हणून नाव पडले बॅक्युलोव्हायरस.

५/
तो पैलूदार कण हे विषाणूचे चिलखत. अळी मेल्यानंतर विषाणूला पानांवर आणि मातीत, ऊन-पावसात टिकून राहावे लागते. दुसरी अळी ते पान खाईपर्यंत त्याला तग धरायचा असतो. त्यासाठी तो ‘पॉलिहेड्रिन’ नावाच्या प्रथिनात स्वतःला गाडून घेतो. संसर्गाच्या अखेरच्या टप्प्यात अळीची पेशी जणू दुसरे काही करतच नाही. ती एवढे पॉलिहेड्रिन बनवते की पेशीतील एकूण प्रथिनांचा फार मोठा वाटा त्या एकट्याचा होतो.

६/
आता एक बारकावा लक्षात ठेवा, कारण पुढची सारी कथा त्याच्यावर उभी आहे. चिलखताची गरज शेतात असते, प्रयोगशाळेत नसते. काचेच्या बाटलीत वाढणाऱ्या पेशींमध्ये विषाणू एका पेशीतून बाहेर पडून थेट शेजारच्या पेशीत शिरतो. म्हणजे पॉलिहेड्रिनचे जनुक काढून टाकले तरी विषाणूचे काही अडत नाही. आणि जागा रिकामी झाली तर? ज्या जोमाने पेशी पॉलिहेड्रिन बनवत होती, त्याच जोमाने ती दुसरे एखादे प्रथिन बनवील काय?

७/
त्यासाठी आधी बाटलीत वाढणाऱ्या कीटकपेशी हव्या होत्या. हे काम फार चिवट ठरले. अनेकांच्या अपयशानंतर १९६२ मध्ये ऑस्ट्रेलियात थॉमस ग्रेस यांनी एका पतंगाच्या बीजांडकोशातील पेशी अखंड वाढवून दाखवल्या. १९७७ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याच्या संशोधकांनी ‘स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा’ या किडीच्या कोशावस्थेतील बीजांडकोशापासून पेशींचा असाच एक वंश तयार केला. त्यातून पुढे निवडलेला उपवंश म्हणजे जगभर वापरला जाणारा ‘एसएफ-९’.

८/
या किडीचे शास्त्रीय नाव परके वाटेल, पण कीड आपल्या ओळखीची आहे. मक्यावरील अमेरिकन लष्करी अळी ती हीच. २०१८ मध्ये ती भारतात प्रथम आढळली आणि लवकरच महाराष्ट्रातील मक्याच्या शेतांत पोहोचली. ज्या अळीने आपल्याकडे मक्याचे पोंगे पोखरले, तिच्याच जातीच्या पेशी चाळीसहून अधिक वर्षे प्रयोगशाळांमध्ये २७-२८ अंश सेल्सिअसला निमूटपणे वाढत आहेत.

९/
स्थळ टेक्सास ए अँड एम विद्यापीठ. मॅक्स समर्स हे कीटकांच्या विषाणूंचे अभ्यासक. पिकांवरील किडी विषाणूंनी मारता येतील का, हा त्या काळी या क्षेत्राचा मुख्य प्रश्न होता. त्यांचे सहकारी गेल स्मिथ आणि माल्कम फ्रेझर. डिसेंबर १९८३ मध्ये या तिघांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. पॉलिहेड्रिनच्या जागी माणसाच्या बीटा-इंटरफेरॉनचे जनुक बसवून त्यांनी अळीच्या पेशींकडून मानवी प्रथिन बनवून घेतले होते.

१०/
पुढच्याच वर्षी लोइस मिलर यांच्या गटाने हीच युक्ती स्वतंत्रपणे, जिवाणूच्या एका प्रथिनावर यशस्वी केली. १९८५ मध्ये जपानमधील सुसुमु माएदा आणि सहकाऱ्यांनी तर जिवंत रेशीम अळ्यांमध्येच मानवी अल्फा-इंटरफेरॉन तयार केले. विडाच्या काव्यातील रोगी अळी साडेचारशे वर्षांनी औषधाचा कारखाना झाली होती.

११/
कृती थोडक्यात अशी. हवे ते मानवी जनुक डीएनएच्या एका छोट्या वर्तुळात, पॉलिहेड्रिनच्या प्रवर्तकापुढे बसवायचे. प्रवर्तक म्हणजे ‘येथून वाचायला लागा’ असे पेशीला सांगणारा डीएनएचा तुकडा. मग ते वर्तुळ आणि विषाणूचा डीएनए एकत्रच पेशींत सोडायचे. क्वचित एखाद्या पेशीत दोहोंमध्ये अदलाबदल होते आणि मानवी जनुक विषाणूत शिरते. असा विषाणू चिलखत बनवू शकत नाही. म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली चकाकणारे कण नसलेला ठिपका शोधायचा.

१२/
हजारो ठिपक्यांतून तो एक शोधणे हे डोळे शिणवणारे काम होते. १९९३ मध्ये व्हर्न लकोव आणि सहकाऱ्यांनी वाट सोपी केली. त्यांनी विषाणूचा संपूर्ण डीएनए जिवाणूमध्ये ठेवला आणि जनुकाची अदलाबदल तेथेच उरकली. आठवड्यांचे काम दिवसांवर आले. पण प्रसाराचे खरे श्रेय त्याआधीच्या एका साध्या पुस्तिकेला द्यावे लागेल. समर्स आणि स्मिथ यांनी १९८७ मध्ये सगळी कृती पायरीपायरीने लिहून काढली. प्रकाशक होते टेक्सासचे कृषी संशोधन केंद्र.

१३/
आता स्नायूंकडे वळू. १८६४ मध्ये विल्हेल्म क्यूने यांनी स्नायूतून एक प्रथिन काढून त्याला ‘मायोसिन’ म्हटले. १९४२ मध्ये, महायुद्ध चालू असताना, हंगेरीतील सेगेड येथे सेंट-ज्यॉर्जींच्या प्रयोगशाळेत ब्रूनो श्ट्राउब यांनी ‘ॲक्टिन’ वेगळे केले. १९५४ मध्ये दोन गटांनी एकाच वेळी सांगितले की स्नायू आखडतो तेव्हा तंतू आखूड होत नाहीत, ते एकमेकांवरून सरकतात. मायोसिन ॲक्टिनला धरते, ओढते, सोडते. हृदयाचा प्रत्येक ठोका याच ओढाताणीतून जन्मतो.

१४/
आणि येथे एका घराण्याची कथा येते. १९६१ मध्ये कॅनडातील क्युबेक प्रांतातील एका फ्रेंच-भाषक कुटुंबाचे वर्णन वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. पिढ्यानपिढ्या या घरात हृदयाची भिंत जाड होत असे, आणि धडधाकट वाटणारी माणसे अचानक मरत. या आजाराला हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी म्हणतात. तो सुमारे ५०० माणसांमागे एकाला असतो. तरुण खेळाडू मैदानात कोसळल्याची बातमी आपण वाचतो, तेव्हा तिच्यामागे कधी कधी हाच आजार असतो.

१५/
१९९० मध्ये क्रिस्टीन आणि जोनाथन सायडमन यांच्या गटाने या घराण्यातील दोष शोधून काढला. हृदयाच्या बीटा-मायोसिनमध्ये ४०३ व्या स्थानी आर्जिनिनऐवजी ग्लुटामिन होते. जवळजवळ दोन हजार अमिनो आम्लांच्या साखळीतील एकच मणी बदललेला. कारण सापडले, पण प्रश्न संपला नाही. या बदलाने मायोसिन दुबळे होते की अधिक जोरकस? उपचार त्या उत्तरावर अवलंबून होता. दुबळ्या यंत्राला जोर द्यावा लागतो आणि बेफाम यंत्राला लगाम घालावा लागतो.

१६/
उत्तरासाठी मानवी मायोसिन हवे. जिवंत रुग्णाच्या हृदयाचा तुकडा कोण देणार? १९९३ मध्ये संशोधकांनी एक वाट काढली. हृदयातील हेच मायोसिन पोटरीतील संथ स्नायूतही असते, म्हणून तेथून कणभर ऊती घेतली गेली. त्या मायोसिनवरून ॲक्टिनचे तंतू हळू सरकताना दिसले. पण नमुना अगदी अल्प होता. शिवाय रुग्णात दोषी जनुकासोबत निर्दोष जनुकही असते, त्यामुळे दोन्ही प्रकारचे मायोसिन एकत्र मिसळलेले. दोन हस्ताक्षरांची सरमिसळ झालेल्या कागदासारखी ही अवस्था.

१७/
मग प्रथिने बनवूनच का घेऊ नयेत? स्वस्त मार्ग म्हणजे जिवाणू. पण जिवाणूला माणसाची प्रथिने नेटकी करता येत नाहीत. ट्रोपोमायोसिन हे स्नायूतील नियंत्रक प्रथिन घ्या. आपल्या पेशी त्याच्या पहिल्या अमिनो आम्लावर ॲसिटिल नावाची इवलीशी टोपी चढवतात. जिवाणू ती चढवत नाही. सारा हिचकॉक-डिग्रेगोरी यांनी १९८७ मध्ये दाखवले की टोपीविना ते ॲक्टिनला नीट चिकटतच नाही. १९९४ मध्ये त्यांच्याच गटाने ते कीटकपेशींत बनवले. अळीच्या पेशींनी टोपी चढवली आणि प्रथिन कामाला लागले.

१८/
ॲक्टिनचे दुखणे वेगळे. त्याची घडी पडण्यासाठी ‘सीसीटी’ नावाचे पिंपासारखे सहायक प्रथिन लागते. जिवाणूकडे ते नाही, अळीकडे आहे. २००६ मध्ये कॅरल बुकवॉल्टर आणि कॅथलीन ट्रायबस यांनी कीटकपेशींत माणसाच्या हृदयाचे ॲक्टिन बनवले आणि हृदयविकाराशी जोडलेला त्यातील एक बदल तपासला. पण अळीच्या पेशीत तिचे स्वतःचे ॲक्टिनही असते, आणि माणसाच्या ॲक्टिनहून ते अगदी थोडेच वेगळे. अस्सल आणि नक्कल एकाच दप्तरात!

१९/
यावरचा पुढचा तोडगा मला फार आवडतो. मानवी ॲक्टिनच्या शेवटी थायमोसिन नावाचे छोटे प्रथिन आणि हिस्टिडिनची शेपटी जोडायची. शेपटी निकेलला चिकटते, म्हणून निकेलच्या कणांवरून मिश्रण वाहू दिले की मानवी ॲक्टिन अडकून राहते. थायमोसिनमुळे ते अळीच्या ॲक्टिनशी तंतूत गुंफले जात नाही. शेवटी एका विकराने शेपटी नेमकी कापायची. हाती उरते ते शुद्ध मानवी ॲक्टिन, एकही अमिनो आम्ल जास्त नाही. दप्तरातील प्रत्येक अस्सल पत्राला दोरा बांधून ते बाहेर ओढावे, तसे.

२०/
मायोसिनने मात्र हट्ट सोडला नाही. रक्तवाहिन्या आणि आतड्यांत असते ते अरेखित स्नायूचे मायोसिन कीटकपेशींत नीट तयार झाले. हृदयाच्या आणि हातापायांच्या रेखित स्नायूचे मायोसिन मात्र बहुतेक प्रयत्नांत घडीच न पडता निकामी होई. कारण हळूहळू कळले. त्याला ‘अन्क-४५’ या जातीचे सहायक प्रथिन स्नायूपेशीतलेच हवे असते. हे नाव एका सूक्ष्म गोलकृमीवरून आले. ज्या कृमींची हालचाल विस्कळीत होती, त्यांच्या जनुकांना ‘अन्क’ म्हटले गेले. आपल्या अळीच्या पेशी आल्या बीजांडकोशातून. स्नायूचा संसार त्यांनी कधी केलाच नव्हता.

२१/
तेव्हा लेस्ली लाइनवँड आणि जेम्स स्पुडिच यांच्या गटांनी यजमान बदलला. उंदराच्या स्नायूपेशी घेतल्या आणि वाहक म्हणून ॲडिनोव्हायरस. २०१० नंतर या पद्धतीने मानवी मायोसिन मिळू लागले. तोवर ४०३ क्रमांकाचा वाद चिघळलेला होता. उंदरांवरील काही प्रयोग म्हणत की मायोसिन जोरकस होते. पण प्रौढ उंदराच्या हृदयात मुख्यतः अल्फा-मायोसिन असते, माणसाच्या हृदयात बीटा. २००८ मध्ये सुझन लोवी आणि सहकाऱ्यांनी दाखवले की तोच बदल अल्फात एक परिणाम करतो आणि बीटात दुसरा.

२२/
इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थांबावे. वाद मोजमापाच्या चुकीचा नव्हता. दोन्ही बाजूंनी प्रामाणिकपणे मोजले होते, पण साधन वेगळे होते. राजवाड्यांनी बखरी बाजूला सारून अस्सल पत्रांचा आग्रह धरला तो याचसाठी. बखर लबाड असतेच असे नाही. ती दुसऱ्या काळाची, दुसऱ्या हेतूने लिहिलेली असते. उंदराचे हृदय लबाड नव्हते. ते उंदराचे होते, इतकेच.

२३/
२०१५ मध्ये मानवी बीटा-मायोसिनवरच मोजणी झाली. ४०३ च्या बदलाने त्याची मूळ ताकद वाढत नाही, उलट काही बाबतींत घटते, असे दिसले. मग हृदय अति जोराने का आखडते? यातून एक नवा विचार पुढे आला. एरवी विश्रांती घेणारी मायोसिनची डोकी अशा बदलांमुळे विश्रांती सोडून कामाला लागत असावीत. प्रत्येक मजूर थोडा अशक्त, पण मजुरांची संख्या जास्त. या आजारासाठी अमेरिकेत २०२२ मध्ये मान्य झालेले मावाकॅम्टेन हे औषध कामावरील डोक्यांची संख्याच घटवते.

२४/
हे सारे दूरच्या क्युबेकचे, असे समजू नका. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्यात हैदराबादच्या सीसीएमबीच्या शास्त्रज्ञांचा सहभाग होता, हृदयाच्या मायोसिनला बांधून राहणाऱ्या ‘सी’ प्रथिनाच्या जनुकातील २५ अक्षरांची गळती नोंदवली गेली. भारतीय उपखंडातील सुमारे ४ टक्के लोकांत ती असते आणि हृदयस्नायूच्या आजाराशी तिचा संबंध आढळतो. ती असलेल्या प्रत्येकाला आजार होतोच असे नाही. पण आपल्या स्नायूंची प्रथिने आपल्याच रूपात तपासली जावीत, यात आपलेही हित गुंतले आहे.

२५/
आणि अळीच्या पेशी? त्या निवृत्त झाल्या नाहीत. गेल स्मिथ पुढे नोव्हाव्हॅक्स कंपनीत गेले. कोविडच्या साथीत या कंपनीने विषाणूचे काटेरी प्रथिन बॅक्युलोव्हायरसच्या साहाय्याने लष्करी अळीच्या पेशींत बनवले. त्या लशीला भारतात डिसेंबर २०२१ मध्ये आपत्कालीन वापरासाठी मान्यता मिळाली. ‘कोव्होव्हॅक्स’ या नावाने ती तयार केली पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने. १९८३ च्या त्या शोधनिबंधाची एक वाट हडपसरपर्यंत आली.

२६/
इतिहास घेतला म्हटल्यावर ‘त्याचा उपयोग काय?’ हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो. अळ्यांच्या विषाणूंवर आयुष्य घालवणाऱ्यांनाही तो विचारला गेलाच असेल. विडाला रेशीम वाचवायचे होते आणि समर्स यांना पीक. हृदय कोणाच्याच मनात नव्हते. पण त्यांनी आपापल्या काळी पाहिले ते नीट पाहिले आणि लिहून ठेवले, म्हणून पुढच्यांना ते सापडले. पुढच्या वेळी हरभऱ्यावर उलटी लोंबकळणारी अळी दिसली तर क्षणभर थांबा. त्या द्रवाच्या थेंबामागे पाच शतकांचे कागद आहेत.

धागा समाप्त. शंका असतील तर खाली विचारा, मला ठाऊक असेल तेवढे नक्की सांगेन.